एकाच मापाच्या तीन गोळ्या

बंदुकीची गोळी म्हटली की पितळी रंगाची, टोकदार अशी एक वस्तू आपल्या डोळ्यांसमोर येते. खरे तर ते काडतूस असते. त्यातली पितळी पुंगळी, तिच्यातली दारू आणि बुडाशी असलेली ठिणगी पाडणारी टोपी हे सगळे बंदुकीपाशीच राहते. पुढे जाते ते फक्त टोकाशी बसवलेले धातूचे बोंड. या लेखात आपण गोळी म्हणणार आहोत ती या बोंडाला.

अशा तीन गोळ्यांची आपण तुलना करू. तिन्ही ७.६२ मिलिमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नळीच्या रायफलीच्या आहेत. तिन्हींच्या आत शिसे व बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचे किंवा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पातळ आवरण आहे. पहिली सैनिकाची नेहमीची गोळी, दुसरी हरणाच्या शिकारीसाठी बनवलेली, तिसरी नेमबाजीच्या स्पर्धेतली, जी पुढे लष्करी निशाणबाजही वापरू लागले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर तिन्ही एकाच घरातल्या वाटतील. पण यातली एक गोळी युद्धात वापरली तर तो आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरतो. दुसरी वापरणे रास्त मानले जाते आणि तिसरीबद्दल कायदेपंडितांना पानेच्या पाने लिहावी लागली. हा फरक कुठून येतो? त्याचे उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भौतिकशास्त्रातच आहे.

गोळी आणि क्रिकेटचा चेंडू

आधी तिन्हींना लागू असलेली गोष्ट पाहू. या मापाची गोळी साधारण ११ ग्रॅमची असते आणि नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर असतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो येतो ०.०११ × ८००, म्हणजे सुमारे ८.८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. आता १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या. वेगवान गोलंदाज तो सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकतो. त्याचा संवेग ०.१६ × ४० = ६.४. दोन्ही संख्या एकमेकींपासून फार लांब नाहीत. गोळी लागलेला माणूस सिनेमात हवेत उडून मागे पडतो, ते म्हणूनच खोटे आहे. ६० किलोच्या माणसाच्या शरीरात गोळी अडकून राहिली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटरच असेल.

मग चेंडू अंगावर येऊनही खेळाडू उभा राहतो आणि गोळी जीव घेते, असे का? फरक गतिज ऊर्जेत आहे, कारण तिच्यात वेगाचा वर्ग येतो. चेंडूची ऊर्जा ½ × ०.१६ × ४०² म्हणजे १२८ जूल. गोळीची ½ × ०.०११ × ८००² म्हणजे ३,५२० जूल. ती चेंडूच्या सुमारे २७ पट झाली. ६० किलोच्या माणसाला सहा मीटर उंच उचलायला इतकीच ऊर्जा लागते.

पण ही ऊर्जा गोळीबरोबर आली म्हणून ती सगळी शरीरातच उतरेल असे नाही. गोळी आरपार गेली तर उरलेली ऊर्जा घेऊनच बाहेर पडते. किती ऊर्जा कुठे उतरते, यावरच तिन्ही गोळ्यांमधला फरक ठरतो.

हवेतून जाताना

लक्ष्यापर्यंत जाताना गोळीला हवा अडवते. हा रोध किती हे दोन गोष्टींवर ठरते. एक, गोळीच्या आडव्या छेदाच्या मानाने तिचे वजन किती. दुसरी, तिचा आकार हवा कापायला किती सोयीचा. या दोन्हींना एकत्र करणारा एक आकडा रायफलवाले वापरतात. त्याला बॅलिस्टिक गुणांक म्हणतात. तो जितका मोठा, तितका गोळीचा वेग कमी घटतो.

अमेरिकेतील सिएरा या कंपनीच्या दोन गोळ्या उदाहरणादाखल घेऊ. स्पर्धेसाठीची मॅचकिंग १६८ ग्रेनची, म्हणजे १०.९ ग्रॅमची आहे. शिकारीची गेमकिंग १६५ ग्रेनची, म्हणजे १०.७ ग्रॅमची. व्यास एकच. दोन्हींचे बूड नावेच्या मागच्या टोकासारखे निमुळते केलेले. म्हणजे मागे भोवरे कमी उठतात. तरी पहिलीचा गुणांक सुमारे ०.४६, तर दुसरीचा सुमारे ०.४० आहे. वजनातल्या इतक्या थोड्या फरकाने एवढे अंतर पडत नाही. ते पडते नाकाच्या घडणीमुळे. स्पर्धेच्या गोळीचे नाक अरुंद छिद्रापर्यंत निमुळते होत गेलेले असते. शिकारीच्या गोळीच्या टोकाला मऊ शिसे उघडे ठेवलेले असते आणि ते थोडे बोथट असते.

या फरकाचे महत्त्व किती? एक सोपे सूत्र वापरता येते. आडवा वारा गोळीला किती सरकवतो हे काढायचे, तर गोळीला लागलेल्या प्रत्यक्ष वेळेतून निर्वात जागेत लागली असती ती वेळ वजा करायची आणि वाऱ्याच्या वेगाने गुणायचे. ५०० मीटर अंतर ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निर्वात जागेत ०.६२५ सेकंदात कापले जाईल. हवेतून मॅचकिंगला सुमारे ०.१५ सेकंद जास्त लागतात. सेकंदाला ३ मीटर वारा असेल, तर गोळी ३ × ०.१५ = ०.४५ मीटर, म्हणजे जवळजवळ एक हात बाजूला जाते. शिकारीची गोळी याहून सहा-सात सेंटिमीटर अधिक सरकेल. कागदी लक्ष्यावर गुण मोजणाऱ्याला एवढा फरक हरवायला पुरेसा आहे. शिकारी मात्र बहुधा २०० मीटरच्या आतूनच नेम धरतो. तिथे दोन्ही गोळ्या जवळजवळ सारख्याच वागतात. त्याची गरज वेगळी आहे. ती गोळी जनावराला लागल्यानंतर सुरू होते.

भोक कशासाठी?

आता टोकाकडे नीट पाहू. सैनिकाच्या गोळीचे टोक पूर्ण बंद असते. स्पर्धेच्या गोळीच्या टोकाला बारीक छिद्र असते. शिकारीच्या काही गोळ्यांनाही टोकाला पोकळी असते. मग स्पर्धेची व शिकारीची गोळी एकाच जातीची मानायची का? इथेच दिसण्यावरून फसायला होते.

सैनिकाची गोळी करताना आवरणाची धातूची वाटी उलटी घेतात. तिचे बंद टोक गोळीचे नाक होते आणि शिसे बुडाकडून भरतात. त्यामुळे नाक बंद राहते व बूड उघडे. स्पर्धेच्या गोळीत याच्या उलट करतात. वाटीचे बंद टोक बूड होते, शिसे नाकाकडून भरले जाते आणि मग नाक साच्यात दाबून निमुळते करतात. शेवटी टोकाला थोडे छिद्र उरते. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी बुडामागून तप्त वायू जोराने बाहेर येत असतात. बूड तंतोतंत सारखे नसेल तर त्या क्षणी गोळीला तिरका धक्का बसतो. बंद बूड अधिक अचूक घडवता येते, म्हणून हा खटाटोप. टोकाचे छिद्र हे या कृतीचे उरलेले चिन्ह आहे. गोळी फुलावी हा त्याचा हेतू नाही.

शिकारीच्या गोळीत मात्र टोक मुद्दाम दुबळे ठेवतात. तिथे शिसे उघडे असते किंवा रुंद पोकळी असते. आवरण नाकाशी पातळ आणि मागे जाड असते. मांसात शिरताच टोक मागे दुमडते आणि गोळी छत्रीसारखी फुलते. व्यास दुप्पट झाला तर समोरचे क्षेत्रफळ चौपट होते आणि रोधही त्याच प्रमाणात वाढतो. गोळी लवकर थांबते व आपली बहुतेक ऊर्जा जनावराच्या शरीरात सोडते. यामागचा विचार असा, की जनावर जागीच मरावे, जखमी होऊन मैलोन्मैल पळत तडफडू नये. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे, त्यांतल्या अनेक ठिकाणी हरणासारख्या मोठ्या जनावरावर न फुलणारी गोळी झाडायला कायद्यानेच बंदी आहे. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवरच बंदी आली.)

बंद टोकाची गोळीही नेहमी सुईसारखी सरळ जात नाही. रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. त्यांमुळे गोळी सेकंदाला अडीच हजारांहून जास्त फेरे घेत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी आपला आस टिकवून ठेवते. पण ही फिरकी हवेपुरती बेतलेली असते. मांसाची घनता पाण्याएवढी, म्हणजे हवेच्या ८०० पटींहून अधिक. तिथे फिरकी अपुरी पडते. टोकदार गोळीचा गुरुत्वमध्य मागच्या बाजूला असतो. त्यामुळे ती काही अंतर सरळ जाते, मग कलंडते आणि आडवी होते. आडव्या गोळीवर फार मोठा ताण येतो. आवरण जाड असेल तर ती अखंड राहते, पातळ असेल तर मोडते.

अमेरिकन लष्करातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत जिलेटिनच्या ठोकळ्यांवर अशा तुलना केल्या. त्यांना आढळले, की अमेरिका व पश्चिम जर्मनी यांच्या ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी गोळ्या एकाच नाटो मापाच्या असूनही वेगळ्या वागतात. अमेरिकन गोळी अखंड राहत होती. जर्मन गोळीचे पोलादी आवरण पातळ होते. ती आडवी होताच मोडून तिचे तुकडे होत होते. दोन्हींची टोके बंदच होती.

डमडमची गोष्ट

अशा तुलनेत गफलत झाली तर काय होते, याचे एक जुने उदाहरण आपल्या देशाशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश फौजेने ११.४ मिलिमीटरच्या जाड शिशाच्या गोळीऐवजी ७.७ मिलिमीटरची, पूर्ण आवरणाची गोळी घेतली. तिचा वेग जास्त होता, पण छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर तक्रारी येऊ लागल्या, की ही गोळी लागूनही समोरचा माणूस चालून येतच राहतो. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली टोकाचे आवरण काढून थोडे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. ती वायव्य सरहद्दीवर वापरली गेली. आज ‘डमडम’ हे नाव जगभर टोक फुलणाऱ्या कोणत्याही गोळीला सरसकट लावतात.

१८९८ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेनचे शल्यचिकित्सक पाउल फॉन ब्रुन्स यांनी प्रयोग करून अशा गोळीने होणाऱ्या भीषण जखमांचे वर्णन प्रसिद्ध केले. युरोपात खळबळ उडाली. पण ब्रुन्स यांनी डमडमची गोळी झाडलीच नव्हती. त्यांनी वापरली होती ती माउझर रायफलीची शिकारीची गोळी. डमडमच्या गोळीत शिशाचे फक्त टोक उघडे होते, तर या गोळीत शिशाचा त्याहून कितीतरी मोठा भाग उघडा होता. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन्ही गोळ्यांची तुलना करून हा फरक दाखवून दिला. प्रयोग एका वस्तूवर केला आणि निष्कर्ष दुसऱ्या वस्तूबद्दल काढला, असा हा प्रकार होता.

याचा अर्थ डमडमची गोळी निरुपद्रवी होती असा मात्र नाही. ती अधिक इजा करण्यासाठीच बनवली होती. १८९९ मध्ये हेग येथील शांतता परिषदेत हा विषय निघाला, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी तिचे समर्थन केले. सुधारलेल्या देशाचा सैनिक गोळी लागली की मागे फिरतो, पण ‘रानटी’ माणूस तसाच अंगावर येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. शरीराची रचना, रक्त, नसा सगळ्या माणसांच्या सारख्याच असतात, हे तेव्हाच्या शरीरशास्त्राला चांगले ठाऊक होते. या युक्तिवादामागे विज्ञान नव्हते, साम्राज्य होते. परिषदेने तो मानला नाही. मानवी शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या आपसांतील युद्धात न वापरण्याची घोषणा २२ मतांनी संमत झाली. विरुद्ध मते दोनच पडली, ब्रिटन आणि अमेरिकेची. पोर्तुगाल तटस्थ राहिले. ब्रिटनने ती १९०७ मध्ये स्वीकारली.

घोषणेत उदाहरण म्हणून दिले आहे ते असे, की ज्या गोळीचे कठीण आवरण गाभ्याला पूर्ण झाकत नाही किंवा ज्याला चिरा पाडल्या आहेत ती. शब्दशः पाहिले तर टोकाला छिद्र असलेली स्पर्धेची गोळीही यात बसते! अमेरिका या घोषणेत सामील झालेली नाही. तरी आपल्या निशाणबाजांना ही गोळी देताना अमेरिकन लष्कराच्या विधी विभागाला १९८५ आणि १९९० मध्ये लेखी मत द्यावे लागले. छिद्र अचूकतेसाठी घडवण्याच्या कृतीतून राहते, गोळी सहज फुलावी म्हणून ते ठेवलेले नाही, म्हणून ती वापरता येते, असे ते मत होते. बंदी टोकाच्या दिसण्यावर नाही, सहज फुलण्यावर आहे, असा त्याचा मथितार्थ. हे मत सर्वांना पटलेच असे नाही. पण प्रश्न कोणत्या कसोटीवर सोडवायचा, हे त्यातून स्पष्ट होते. १९९८ मध्ये रोम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या करारात अशा गोळ्यांचा वापर युद्धगुन्हा ठरला. २०१० मध्ये कंपाला येथे ही तरतूद देशांतर्गत सशस्त्र संघर्षांनाही लागू करण्याची दुरुस्ती झाली.

गंमत अशी, की अनेक देशांचे पोलीस फुलणारी गोळीच वापरतात. ती आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागण्याचा धोका कमी असतो, असे कारण देतात. एकच गुणधर्म रानात सक्तीचा, शहरात सोयीचा आणि रणांगणात गुन्हा!

शिशाचे कण

शिकारीच्या गोळीची आणखी एक बाजू अलीकडच्या दशकांत पुढे आली. फुलताना शिशाचे बारीक कण सुटतात आणि जनावराच्या मांसात दूरवर पसरतात. शिकारी आतडी रानातच टाकून जातो आणि ती मेलेले जनावर खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा काँडॉर हा प्रचंड पक्षी १९८२ मध्ये जेमतेम २२ उरला होता. पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडलेले पक्षीही शिशाच्या विषबाधेने मरू लागले. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये काँडॉरच्या प्रदेशापुरता आणि २०१३ मध्ये संपूर्ण राज्यासाठी कायदा केला. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. आपल्याकडची गिधाडे जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे नाहीशी होत गेली, ती याच वाटेने. विष मेलेल्या जनावरातून आले.

आता निखळ तांब्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या फुलतात, पण सहसा अखंड राहतात. मात्र शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तर तांब्याची ९ ग्रॅमच्या आत. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळी स्थिर ठेवायला फिरकी जास्त लागते. एक प्रश्न सोडवला, की दुसरे गणित बदलते.

वर्गात करून पाहा

या विषयाचा प्रयोग अर्थातच बंदुकीशिवाय करायचा. (कुठे खरे काडतूस सापडले तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे, हे मुलांना आवर्जून सांगावे.) पाण्यात न विरघळणाऱ्या प्लास्टिसिनचे २० ग्रॅमचे तीन गोळे मोजून घ्या. एकाला बोराएवढ्या जाडीच्या टोकदार कांडीचा, दुसऱ्याला चपट्या चकतीचा, तिसऱ्याला शंकूचा आकार द्या. उंच काचेच्या बरणीत पाणी भरून तिन्ही गोळे पृष्ठभागापाशी धरून सोडा. चकतीला तळाशी पोचायला किती जास्त वेळ लागतो ते पाहा. शंकू टोक खाली करून सोडला, तर तो तसाच जातो की कलंडतो?

मग मुलांना विचारा: आपण काय बदलले आणि काय तेच ठेवले? वजन तेच, पाणी तेच, उंची तीच, बदलला फक्त आकार. एखाद्या मुलाने चकती २५ ग्रॅमची केली तर तुलना का चालणार नाही? ब्रुन्स यांच्या प्रयोगाची गोष्ट इथे सांगता येईल. नाव एक आणि नमुना दुसरा झाला, की खरे मोजमापही चुकीच्या निष्कर्षाला नेते. त्या निष्कर्षावर कायदा आणि माणसांचे जीव अवलंबून असतील, तर ‘नेमकी कोणती गोळी झाडली होती?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा.